भिडू कसे वाटावेत: दुरावलेल्या समाजांतील मुलांसाठी खेळाचा उपक्रम उभा करताना

दोन समाजांत तेढ असलेल्या ठिकाणी खेळातून मैत्री घडवायचे कोणी मनावर घेतले, की पहिली कल्पना बहुधा एकच सुचते: या बाजूच्या मुलांचा एक संघ, त्या बाजूच्या मुलांचा दुसरा संघ, दोघांत एक मैत्रीचा सामना, शेवटी हस्तांदोलन आणि एकत्र छायाचित्र. हेतू निर्मळ असतो, तरीही या कामात नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला मी सर्वांत आधी सांगते, की असा सामना भरवू नका. मुलांना घरातून मिळालेलीच विभागणी आपण त्यात मैदानावर उतरवतो, तिला गुणफलक जोडतो आणि हरलेल्या बाजूच्या हाती घरी नेण्यासाठी एक नवी तक्रार ठेवतो. खेळातल्या सोबत्याला आपण भिडू म्हणतो, आणि या सगळ्या कामाचा कणा त्या एका शब्दात आहे. मुलाचा भिडू कोण, हे ज्याने ठरवले त्याने त्या मुलाचा मित्र कोण होऊ शकेल हेही बरेचसे ठरवलेले असते. पुढील टप्पे साधारण दहा ते सोळा वर्षांच्या मुलामुलींसाठी असा उपक्रम पहिल्यांदाच हाती घेणाऱ्यांकरिता लिहिले आहेत.

स्पर्धेचा स्वभाव आधी ओळखा

१९५४ च्या उन्हाळ्यात अमेरिकेतील ओक्लाहोमा राज्यात मुझफ्फर शेरीफ या मानसशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी अकरा-बारा वर्षांच्या २२ मुलांचे एक शिबिर भरवले होते. मुले साधारण सारख्याच घरांतली होती, एकमेकांना अनोळखी होती, आणि त्यांना दोन गटांत वाटलेले होते. जुने वैर असण्याचा प्रश्नच नव्हता. तरी बेसबॉल, रस्सीखेच अशा स्पर्धा सुरू झाल्यावर काही दिवसांतच त्यांनी एकमेकांचे झेंडे जाळले आणि एकमेकांच्या खोल्यांवर छापे घातले. मग दोन्ही गटांना नुसते एकत्र जेवायला बसवून पाहिले, तर ताटातल्या अन्नाचीच फेकाफेक झाली. तेढ ओसरू लागली ती शिबिराचे पाणी बंद पडल्यावर आणि जेवण आणायला जायचा ट्रक अडून बसल्यावर. या अडचणी संशोधकांनीच योजलेल्या होत्या, पण एका गटाच्या बळावर त्या सुटण्यासारख्या नव्हत्या. ट्रक ओढण्यासाठी मुलांनी जो दोर आणला, तो रस्सीखेचीचाच होता.

या प्रयोगावर पुढे बरीच टीका झाली. मुलांना आपण प्रयोगात आहोत हे ठाऊक नव्हते, आणि भांडणे पेटावीत यासाठी मोठ्यांनीच हातभार लावला, हे आक्षेप गंभीर आहेत. आपल्या कामासाठी मात्र त्या आक्षेपांतूनही एक धडा मिळतो: मुलांच्या खेळात वैर येते की सख्य, हे मोठ्यांनी खेळ कसा मांडला यावर पुष्कळ अवलंबून असते. गॉर्डन ऑलपोर्ट या अभ्यासकाने १९५४ मध्येच अशा भेटीगाठी फलदायी होण्यासाठी चार अटी मांडल्या. दोन्ही बाजूंना समान दर्जा, सामाईक उद्दिष्ट, ते गाठण्यासाठी परस्परांचे सहकार्य, आणि ज्यांचा शब्द चालतो अशा मोठ्यांचा पाठिंबा, अशा त्या अटी आहेत. पुढे २००६ मध्ये थॉमस पेटिग्रू आणि लिंडा ट्रॉप यांनी ५१५ अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा संपर्काने पूर्वग्रह साधारणपणे कमी होतात आणि या अटी पाळल्या तर अधिक कमी होतात, असे दिसून आले. उपक्रमाचा प्रत्येक निर्णय या चार अटींवर घासून पाहावा.

मुलांच्या आधी मोठी माणसे

चेंडू विकत घेण्यापूर्वी किमान दोन-तीन महिने माणसांना भेटण्यात घालवावेत. दोन्ही बाजूंचे पालक, शिक्षक, ज्यांचे ऐकले जाते अशी वडीलधारी माणसे, आणि आधीपासून मुलांना खेळवणारे स्थानिक प्रशिक्षक, या सर्वांना त्यांच्या घरी किंवा त्यांच्या सोयीच्या जागी जाऊन भेटावे. त्यांना मैत्री, सलोखा, एकोपा यांवर व्याख्यान देऊ नये. आपले मूल तिकडे पाठवताना तुम्हांला कशाची भीती वाटते, एवढेच विचारावे आणि उत्तर लिहून घ्यावे. भीती बहुधा अगदी नेमकी असते: परतताना अंधार पडेल, अमुक रस्त्यावरून जावे लागेल, मुलीला कोणी काही बोलेल. यांतल्या प्रत्येक भीतीवर आपण कोणती व्यवस्था केली, हे पुढच्या भेटीत सांगता आले की विश्वासाची सुरुवात होते.

उपक्रमाची सूत्रे एकाच बाजूच्या हाती असू नयेत. प्रमुख दोन असावेत, प्रत्येक बाजूचा एक, आणि पैशांच्या हिशेबापासून शिटी वाजवण्यापर्यंतची कामे दोघांत खरोखर वाटलेली असावीत. ही जोडी मुलांसमोर एकमेकांशी कशी बोलते, याकडे मुलांचे फार बारीक लक्ष असते. बोस्निया-हर्झेगोविनातील युद्ध थांबल्यावर तीन वर्षांनी, १९९८ मध्ये, आंदेर्स लेविन्सेन यांच्या पुढाकाराने तेथे मुलांसाठी खुल्या फुटबॉल शाळा सुरू झाल्या. त्यांची उभारणी दुभंगलेल्या गावांतल्या प्रशिक्षकांनी आणि पालकांनी एकत्र येऊन करायची, हे त्या कामाचे सूत्र होते. काल समोरासमोर उभी असलेली मोठी माणसे मैदान आखायला एकत्र वाकू लागली, तर मुलांना वेगळे सांगण्यासारखे फारसे उरत नाही.

मैदान, वेळ आणि खेळ

मैदान दोन्ही बाजूंना परके वाटणार नाही असे असावे. तसे मिळाले नाही तर एक आठवडा इकडे आणि एक आठवडा तिकडे असा क्रम ठेवावा, आणि पहिला सराव कुठे व्हावा हे सर्वांदेखत चिठ्ठी टाकून ठरवावे. वेळापत्रक आखताना दोन्हींकडचे सणवार, उपवास, प्रार्थनेच्या वेळा आणि परीक्षा यांची एकच यादी करून समोर ठेवावी. ही यादी एका बाजूसाठी पाळली आणि दुसऱ्या बाजूसाठी विसरली, तर समान दर्जाची पहिली अट तिथेच मोडते.

खेळाची निवड वाटते त्यापेक्षा नाजूक असते, कारण काही ठिकाणी खेळच समाजांत वाटले गेलेले असतात. उत्तर आयर्लंडमध्ये गेलिक, म्हणजे पारंपरिक आयरिश, खेळ कॅथलिक समाजाचे आणि रग्बी, हॉकी प्रामुख्याने प्रोटेस्टंट समाजाचे अशी ओळख दीर्घकाळ राहिली. २००१ मध्ये स्थापन झालेल्या पीसप्लेअर्स या संस्थेने तेथे बास्केटबॉल निवडला, जो दोन्हींपैकी कोणाच्याच मालकीचा मानला जात नव्हता. ज्या खेळात एक बाजू वर्षानुवर्षे तरबेज आहे आणि दुसरी बाजू नवखी आहे, तो खेळ घेतला तर एकीकडची मुले शिकवणारी आणि दुसरीकडची शिकणारी ठरतात, आणि हे नाते मैत्रीला पोषक नसते. दोघांनाही नवा असलेला खेळ घेतल्यास सगळेच सारखे चुकतात, आणि एकत्र चुकण्यात एक वेगळी जवळीक असते.

खेळाच्या नियमांतच परस्परावलंबन किती आहे, तेही पाहावे. या दृष्टीने खो-खो मला फार मोलाचा वाटतो. पाठलाग करणाऱ्याला उलटे फिरता येत नाही आणि मधली पट्टी ओलांडता येत नाही, त्यामुळे तो कितीही वेगवान असला तरी त्याला बसलेल्या गड्याच्या पाठीला हात लावून खो द्यावाच लागतो. आपल्या मागे कोण येत आहे हे बसलेल्याला पुरते दिसत नाही, त्याला विश्वासावरच उठावे लागते. ज्या खेळात एखाद-दुसरा कसबी खेळाडू सगळा डाव एकट्याने ओढून नेऊ शकतो, तिथे उरलेली मुले नुसती उभी राहतात, आणि उभे राहिलेले मूल आपल्या ओळखीच्या माणसांकडे सरकते.

संघ बांधणे

उपक्रमाचे यश-अपयश सर्वांत जास्त या टप्प्यावर ठरते.

मॅट लो या अर्थशास्त्रज्ञाने उत्तर प्रदेशातील ग्रामीण भागात वेगवेगळ्या जातींच्या तरुणांच्या क्रिकेट लीग भरवून एक मोठा प्रयोग केला. १,२६१ तरुण त्या अभ्यासात होते. काहींना आपल्याच जातीच्या संघात आणि काहींना मिश्र संघात, चिठ्ठ्या टाकाव्यात तसे, घातले गेले. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा, की ज्यांना दुसऱ्या जातीचे भिडू मिळाले त्यांच्या जातीबाहेरच्या मैत्र्या वाढल्या, आणि ज्यांचा दुसऱ्या जातींशी संबंध मुख्यतः प्रतिस्पर्धी म्हणून आला त्यांच्या बाबतीत परिणाम साधारणपणे उलटा झाला. खेळ एकच, मैदान एकच, मुलेही एकाच परिसरातली, फरक पडला तो कोण कोणाच्या बाजूने खेळले याने. म्हणून पहिला आणि न मोडण्याचा नियम हा, की प्रत्येक संघ मिश्र असावा.

मिश्र म्हणजे किती, हाही प्रश्न आहे. दहा जणांच्या संघात दुसऱ्या बाजूचे एकच मूल घातले तर ते पाहुणे होते, आणि त्याची प्रत्येक चूक त्याच्या सबंध समाजाच्या नावावर मांडली जाते. कोणत्याही बाजूची तीन-चारांपेक्षा कमी मुले एका संघात नसावीत, आणि शक्यतो निम्मे-निम्मे असावे. संघाला रंगाचे, पक्ष्याचे किंवा वाऱ्याचे नाव द्यावे, पण तो रंग दोन्हींपैकी कोणाच्या झेंड्यात नाही ना, हे आधी पाहावे. कर्णधार दोन असावेत आणि दर महिन्याला बदलावेत.

संघ कोणी निवडायचे? माझ्या पहिल्या वर्षी मी ते मुलांवर सोडले होते. दोन कर्णधार समोर उभे केले आणि आळीपाळीने एकेक नाव घ्यायला सांगितले, कारण आमच्या लहानपणी भिडू असेच मागून घेतले जात. नावे पुकारली जाऊ लागली, मुले धावत आपापल्या कर्णधारामागे जाऊन उभी राहू लागली, आणि शेवटी मध्ये चार मुले उरली. चारही एकाच बाजूची होती. त्यांतला एक जण वाकून बुटाची नाडी सोडत होता आणि पुन्हा बांधत होता, त्याचे नाव घेतले जाईपर्यंत त्याने ते तीनदा केले. पुढच्या आठवड्यात तो आला नाही, आणि तो का आला नाही हे मला कोणाला विचारावे लागले नाही. तेव्हापासून संघ मुलांसमोर चिठ्ठ्या काढूनच पडतात. दोन्ही बाजूंच्या चिठ्ठ्या वेगळ्या डब्यांत ठेवल्या की प्रमाण राखले जाते, आणि दैवाने पडलेल्या भिडूबद्दल कोणाला राग धरता येत नाही. एकदा पडलेला संघ हंगामभर मोडू नये.

पहिले सराव

पहिल्या तीन-चार सरावांत सामना खेळवू नये. मुले हट्ट धरतील, तरी धीर धरावा. जोडीने करायचे सराव घ्यावेत: हात धरून धावणे, एकाचे डोळे बांधून दुसऱ्याने नुसत्या आवाजाने त्याला अडथळ्यांतून नेणे, चेंडू देताना घेणाऱ्याचे नाव मोठ्याने उच्चारणे. या शेवटच्या सरावाचे मोल नवख्यांच्या लक्षात लवकर येत नाही. दुसऱ्या समाजातली नावे मुलांच्या जिभेवर बसलेली नसतात, ती चुकीची उच्चारली जातात, हशा होतो, आणि म्हणून मुले नाव घेणेच टाळून 'ए' किंवा 'तो तिकडचा' म्हणू लागतात. नाव नीट म्हणता येईपर्यंत चेंडू द्यायचा नाही, हा नियम दोन आठवडे पाळला की हा अडसर राहत नाही. दोन्हींकडच्या भाषा वेगळ्या असतील तर 'दे', 'मागे', 'शाबास' असे वीसेक शब्द दोन्ही भाषांत एका फळ्यावर लिहून मैदानाच्या कडेला लावावेत.

जोड्या प्रशिक्षकाने लावाव्यात, त्या प्रत्येक सरावात बदलाव्यात, आणि उंची, वेग, वय पाहून लावाव्यात. जोडी मिश्र ठेवण्यामागचे कारण मुलांना पुकारून सांगू नये. 'आता तिकडच्या एकाबरोबर जोडी करा' असे प्रशिक्षकाच्या तोंडून एकदा निघाले, की विसरायला आलेली गोष्ट त्यानेच आठवून दिली असे होते.

नियम मुलांच्या हाती

सामने सुरू झाले की फुटबॉल-थ्री या पद्धतीचा अवलंब करून पाहावा. १९९४ मध्ये कोलंबियाचा फुटबॉलपटू आंद्रेस एस्कोबार याची मेडेयीन शहरात हत्या झाली. त्यानंतर युर्गेन ग्रीसबेक यांनी तेथील हिंसाग्रस्त वस्त्यांतल्या तरुणांसाठी जे काम उभे केले, त्यातून ही पद्धत आली. सामन्याचे तीन भाग असतात. आधी दोन्ही संघ एकत्र बसून त्या दिवसाचे नियम ठरवतात, मग पंचांशिवाय खेळतात, आणि शेवटी पुन्हा बसून नियम कितपत पाळले गेले यावर बोलतात. गोलांचे गुण आणि खिलाडूपणाचे गुण मिळून निकाल लागतो. पंचांच्या जागी एक मध्यस्थ असतो, पण तो शिटी मारून निवाडा देत नाही, चर्चा घडवून आणतो.

सुरुवातीला या बैठका रटाळ होतात, मुले पायाने माती उकरत बसतात. चौथ्या-पाचव्या सामन्यापासून त्यांना कळू लागते, की इथे ठरलेले खरोखर लागू होते. मग 'घसरून चेंडू काढायचा नाही, कारण मैदानात खडे आहेत' असे शहाणे नियम निघू लागतात. रडीचा डाव खेळणाऱ्याला त्याचेच भिडू आवरतात, आणि आपल्या बाजूच्या मुलाला दुसऱ्या बाजूच्या भिडूसमोर 'चूक तुझीच होती' असे सांगण्याची सवय याच बैठकीत लागते. ही सवय मैदानाबाहेर फार दुर्मिळ असते, म्हणून वेळ कमी पडला तर खेळ दहा मिनिटांनी आखडावा, बैठक वगळू नये.

भांडण झाले तर

भांडणे होणारच, आणि चेंडूवरून झालेले भांडण सामान्य भांडण म्हणूनच मिटवावे. समाजावरून, धर्मावरून, जातीवरून अपशब्द निघाला तर मात्र खेळ ताबडतोब थांबवावा. ज्याला तो शब्द लागला त्याच्याकडे आधी जावे, बोलणाऱ्याकडे नंतर. दोघांशी वेगवेगळे बोलावे, आणि दोन्ही प्रमुखांनी मिळून बोलावे, म्हणजे 'त्यांनी त्यांच्याच मुलाला पाठीशी घातले' असे म्हणायला जागा राहत नाही. सर्वांसमोर माफी मागायला लावू नये. ती तोंडदेखली होते आणि दोघांनाही अपमानास्पद वाटते. पुन्हा तसेच घडल्यास काही सराव बाहेर बसवणे योग्य आहे, पण त्या मुलालाही सरावाच्या वेळी मैदानावर हजर राहून सामान लावायला सांगावे. घरी पाठवलेले मूल त्या शब्दाच्या मूळ ठिकाणी परत जाते.

खेळाच्या अवतीभवतीचा वेळ

नव्वद मिनिटांच्या खेळात मुले फारशी बोलत नाहीत. बोलणे होते ते सामान वाहताना, पाण्याच्या पिंपापाशी, गाडीत, पावसाने खेळ थांबल्यावर छपराखाली. ज्याला मैत्री हवी आहे त्याने हा वेळ मुद्दाम राखावा. खेळापूर्वी आणि नंतर अर्धा-अर्धा तास मोकळा ठेवावा, जाण्यायेण्याची सोय एकत्र करावी, आणि मैदान आखणे, जाळी बांधणे, चेंडूत हवा भरणे ही कामे मिश्र जोड्यांना द्यावीत.

सामान थोडे कमीच ठेवावे, असेही माझे मत झाले आहे. आमच्याकडे गोलरक्षकाच्या हातमोज्यांची एकच जोडी होती, आणि एका संघात दोन गोलरक्षक होते, दोन वेगळ्या बाजूंचे. मध्यंतरात एकाने काढलेले, आतून घामाने ओले झालेले मोजे दुसरा हातात चढवायचा. पहिल्या दिवशी त्याने ते चढवण्यापूर्वी सदऱ्याला बराच वेळ पुसले. महिन्याभरात पुसणे थांबले. मग मोजे धुवायला घरी कोणी न्यायचे याची पाळी लागली, आणि एकदा पाळीचा मुलगा आजारी पडला तेव्हा दुसरा वडिलांना बरोबर घेऊन ते आणायला त्याच्या दारात गेला. दोन्ही घरांतली मोठी माणसे उंबरठ्यावर पहिल्यांदाच बोलली, आणि बोलली ती हातमोज्यांबद्दल. अशा भेटी घडवून आणता येत नाहीत, पण त्यांना निमित्त मिळेल अशी जागा ठेवता येते.

मुलांची सुरक्षा

एकही मूल एकाच प्रौढ व्यक्तीबरोबर एकटे राहणार नाही, हा नियम प्रवासातही पाळावा. प्रत्येक पालकाची लेखी संमती घ्यावी, मुली असतील तिथे महिला प्रशिक्षक असावी, प्रथमोपचाराची पेटी आणि ती वापरता येणारी व्यक्ती मैदानावर असावी, आणि तक्रार कोणाकडे करायची हे मुलांना नावानिशी ठाऊक असावे. छायाचित्रांबाबत तर अधिक सावध राहावे. तेढ असलेल्या ठिकाणी, दुसऱ्या बाजूच्या मित्राच्या खांद्यावर हात टाकलेले छायाचित्र पसरले तर ते मुलाला आणि त्याच्या घराला महागात पडू शकते. देणगीदारांना असेच चित्र हवे असते, हे खरे आहे. तरी चेहरे न दाखवता पायांची आणि चेंडूची चित्रे काढावीत, आणि तेवढ्यावर न भागणाऱ्या देणगीदाराला नम्रपणे नकार द्यावा.

बाहेर वातावरण तापले तर

एखाद्या दिवशी बाहेर काही घडेल आणि सराव घ्यावा की नाही हा प्रश्न पडेल. त्याचे उत्तर त्या दिवशी शोधू नये. सराव रद्द करण्याचा अधिकार दोन्ही प्रमुखांपैकी कोणा एकालाही असावा, आणि दुसऱ्याने त्यावर वाद घालू नये, हे हंगामाच्या आरंभीच ठरवावे. सराव रद्द झाला तर प्रत्येक मुलाच्या घरी फोन करावा, आणि तो शक्यतो दुसऱ्या बाजूच्या प्रशिक्षकाने करावा. 'तू ठीक आहेस ना' एवढे विचारले तरी पुरते. पुन्हा भेटल्यावर मुलांना त्या घटनेबद्दल बोलायचे असेल तर बोलू द्यावे, बोलायचे नसेल तर चेंडू टाकावा.

हंगाम संपल्यावर

इथे अपेक्षा आवरण्याची गरज आहे. इराकमध्ये आयसिस या दहशतवादी संघटनेच्या अत्याचारांमुळे घरे सोडावी लागलेल्या ख्रिस्ती तरुणांच्या फुटबॉल लीगमध्ये सल्मा मूसा या संशोधिकेने काही संघांना मुस्लिम आणि काही संघांना ख्रिस्ती अतिरिक्त खेळाडू दिले. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत असे दिसले, की मुस्लिम भिडू मिळालेले खेळाडू पुढच्या हंगामात मिश्र संघासाठी नाव द्यायला अधिक तयार होते, आणि सहा महिन्यांनंतरही मुस्लिमांबरोबर सराव करण्याचे त्यांचे प्रमाण अधिक होते. मात्र अनोळखी मुस्लिमांत मिसळण्याच्या बाबतीत, उदाहरणार्थ मोसुल या मुस्लिमबहुल शहरातील उपाहारगृहात जाण्यात, तसा ठळक बदल आढळला नाही. मैदानावरची मैत्री आपोआप मैदानाबाहेर जात नाही. तिला रस्ता करून द्यावा लागतो: दुसरा हंगाम, तिसरा हंगाम, दोन्हींकडच्या पालकांचा एखादा मिश्र सामना, आणि सोळा वर्षांच्या खेळाडूंना धाकट्यांचे साहाय्यक प्रशिक्षक करणे, तेही मिश्र जोडीने. एका हंगामापुरताच पैसा आणि उत्साह असेल तर काम सुरूच न केलेले बरे, कारण नुकताच मिळालेला भिडू गमावणे मुलांना फार लागते.

काय साधले हे पाहण्यासाठी मुलांकडून 'आता तुम्हांला ते लोक आवडतात का' असल्या प्रश्नावल्या भरून घेऊ नयेत, मुले आपल्याला हवे तेच उत्तर देतात. हजेरीच्या वहीत नावापुढे दोन रकाने वाढवावेत: कोणाबरोबर आला, कोणाबरोबर गेला. दर आठवड्याला ते मुकाट्याने भरावेत आणि हंगामाच्या शेवटी पहिले पान व शेवटचे पान शेजारी ठेवून दोन्ही प्रमुखांनी एकत्र वाचावे. पहिल्या पानावर आल्याची आणि गेल्याची नावे बहुधा एकाच बाजूची असतात. शेवटच्या पानावर 'कोणाबरोबर गेला' या रकान्यात दुसऱ्या बाजूचे एखादे नाव आले असेल, तर ते कोणत्या आठवड्यापासून येऊ लागले ते मागे जाऊन शोधावे, आणि त्या आठवड्यात आपण वेगळे काय केले होते ते पुढच्या हंगामाच्या वेळापत्रकात पहिल्या ओळीवर लिहावे.